दोन बोल्ट तर काढायचेत

मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांत आणि व्हिडिओंत एक वाक्य फार निरागसपणे येते: 'आता हा बोल्ट काढून घ्या.' त्याच्या पुढचे वाक्य असते, 'आर्म खाली उतरवा.' या दोन वाक्यांच्या मधल्या पूर्णविरामात भोकरदनमधला एक अख्खा रविवार मावतो, हे लिहिणाऱ्याच्या गावीही नसते. इंग्लंडातल्या हेन्स कंपनीने १९६६ पासून घरी गाडी खोलणाऱ्यांसाठी जाडजूड पुस्तके काढली. त्यांतले सर्वांत गाजलेले वाक्य म्हणजे 'जोडणी याच्या उलट क्रमाने करावी'. जोडणीची वेळ आलीच कुठे, असे गाडीखाली उताणे पडलेल्या माणसाला त्या पुस्तकाला विचारावेसे वाटते. गंजलेला बोल्ट सुटत नाही यावर कोणाचाच वाद नाही. वाद आहे तो का सुटत नाही यावर. कोणी म्हणते ताकद कमी पडली, कोणी म्हणते पाना हलका निघाला, कोणी म्हणते शिक्षण नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. घरी दुरुस्ती करणाऱ्याला बोल्ट दाद देत नाही, कारण गाडी त्याची स्वतःची असते. हे विधान चावटपणाचे वाटेल, पण त्याला लोखंडाइतकाच भक्कम पुरावा आहे.

आधी बोल्टाची बाजू ऐकून घेऊ. चाक आणि गाडीचा सांगाडा यांना जोडणारा जो लोअर आर्म असतो, त्याच्या सांध्यात रबरी बुश बसवलेला असतो. बुश म्हणजे बाहेर एक पोलादी नळी, आत एक पोलादी नळी आणि दोघींच्या मध्ये चिकटवलेले रबर. बोल्ट आतल्या नळीतून आरपार जातो. नळी आणि बोल्ट यांच्यात जागा असते ती केसाच्या जाडीच्या आसपास. तिथे पाणी शिरले, हवा होतीच, की लोखंडाचा गंज होतो, आणि गंजाची खोड अशी की ज्या लोखंडापासून तो बनतो त्याच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा त्याला लागते. एवढ्याशा फटीत एवढे पाहुणे आले की कोणालाच हलता येत नाही. मग नट सुटतो, मालक खूश होतो, आणि खरा खेळ तिथून सुरू होतो. पाना फिरवला की बोल्ट फिरतो, बोल्टाबरोबर नळी फिरते, नळीबरोबर रबर पिळते आणि पाना सोडला की सगळे गुण्यागोविंदाने मूळ जागी येते. बाहेरून बघणाऱ्याला वाटते, काम चाललंय. अर्धा तास पाना चालवून बोल्ट जागच्या जागी ठेवण्याची ही सोय केवळ रबरामुळे झाली आहे.

यावर पहिली हरकत भूगोलाची. अहो, गंज कोकणात. मराठवाड्यात प्यायला पाणी नाही तिथे बोल्ट कुठून भिजणार? हरकत वाजवी आहे. भोकरदनपासून समुद्र सरळ रेषेत तीनशेहून अधिक किलोमीटरवर आहे. पण समुद्र इथे येतो, सेकंडहँड गाडीतून येतो. जालन्याच्या एम.एच. २१ च्या पाट्यांमध्ये अधूनमधून ठाण्याची एम.एच. ०४ दिसते, ती गाडी स्वस्तात मिळालेली असते आणि वरून रंगाला आरशासारखी असते. विकत घेणारा बोनेट उघडतो, म्युझिक सिस्टिम लावून बघतो, टायरला लाथ मारतो. खाली वाकून कोणी बघत नाही. उरलेले काम इथली काळी माती करते. पावसाळ्यात चाकाच्या वर जाऊन बसलेला चिखल बाहेरून वाळून पांढरा पडला तरी आतून दिवाळीपर्यंत ओलावा धरून ठेवतो, आणि बोल्टाला लागतो तो नेमका तेवढाच, न वाहणारा ओलावा. त्यात पोटॅशची पोती डिकीतून आणलेली असतात. हे खत म्हणजे बहुतांशी पोटॅशियम क्लोराइड, मिठाचा सख्खा चुलतभाऊ. दोन पोत्यांतून सांडलेले दाणे मागच्या सस्पेन्शनवर रत्नागिरीचा किनारा उभा करतात.

बरे, इथल्या जमिनीत मुळात काही टिकतच नाही असेही नाही. १९७३ साली नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी भोकरदनला, म्हणजे सातवाहनकाळच्या भोगवर्धनाला, उत्खनन केले. तेव्हा एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, आणि तिचे साम्य इटलीतल्या पाँपेईत १९३८ साली मिळालेल्या प्रसिद्ध मूर्तीशी निघाले. इथल्या मातीने हस्तिदंत दोन हजार वर्षे जपला, आणि तीच माती आठ-दहा पावसाळ्यांत बोल्टाला नळीशी कायमचे एकरूप करते. कोणी दिल्लीच्या लोहस्तंभाचा दाखला देईल: सोळाशे वर्षे उघड्यावर उभा, तरी गंजून गेला नाही. त्याच्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, त्यामुळे वर एक संरक्षक थर धरला, हे खरे. पण त्या स्तंभाला आटे नाहीत, आणि तो फिरवून काढायला आजवर कोणी गेलेले नाही, हेही लक्षात घ्यावे.

दोष सगळा निसर्गावर ढकलणेही बरोबर नाही. जुन्या काळ्या-पिवळ्या जीपगाड्या आठवा. त्यांच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या शॅकलला ग्रीस भरायला निपल असायचे. आठवड्या-पंधरवड्याने ड्रायव्हर ग्रीसगन लावायचा, जुने काळे ग्रीस बाहेर यायचे, नवे आत जायचे. त्या रचनेने गृहीत धरले होते की या सांध्याकडे माणूस लक्ष देणार आहे. नव्या मोटारीने ही अपेक्षा सोडून दिली. रबरी बुशला ग्रीस लागत नाही, आवाज नाही, देखभाल नाही. कंपनीने हे वैशिष्ट्य म्हणून छापले आणि आपण सोय म्हणून घेतले. देखभाल नाही याचा अर्थ आठ-दहा वर्षे त्या बोल्टाला कोणी हातही लावत नाही, आणि जालन्याहून राजूरमार्गे येताना एखादा खड्डा बुशचे रबर फाडतो तेव्हा दोघांची पहिलीच भेट अशी वैराने होते.

आता ताकदीकडे येऊ, कारण भोकरदनमध्ये, किंबहुना पुरुष जमतील अशा कुठल्याही ठिकाणी, पहिला उपाय तोच सुचतो. 'पाइप लावा पान्याला.' गाडीखाली एक जण असला की बाहेर चार उभे राहतात, आणि चौघांचे मत पाइपावर जुळते. गणित करून पाहू. मीटरभर लांबीच्या पाइपाच्या टोकावर साठ किलोचा माणूस उभा राहिला तर बोल्टावर सुमारे ५९० न्यूटन-मीटरचा पीळ पडतो. बारा मिलिमीटरचा असा बोल्ट बसवताना लागतो तो साधारण शंभरच्या आसपास. म्हणजे ताकद अपुरी पडते हा समज खोटा आहे. ती सहापट जास्त आहे. बोल्टाच्या डोक्यावर ८.८ असा आकडा कोरलेला असतो. पहिला आठ सांगतो की ८०० मेगापास्कलला मी तुटेन, दुसरा सांगतो की त्याच्या ८० टक्क्यांवर, ६४० ला, मी कायमचा ताणला जाईन. आपली सहनशक्ती कपाळावर लिहून हिंडणाऱ्या वस्तू जगात फार नाहीत. जालन्याच्या सळईवर ५०० लिहिलेले असते ते स्लॅब ओतणारा प्रत्येक घरमालक चष्मा लावून वाचतो. बोल्टावरचे वाचत नाही. पाइपावरचा माणूस उडी मारतो, पाना एकदम मऊ फिरू लागतो, चौघे एका सुरात 'सुटला!' म्हणतात आणि खालच्या माणसाच्या हातात बोल्टाचे नुसते डोके येते. तो मऊपणा सुटण्याचा नव्हता, पोलाद ताणले जात होते. (त्यात उताणे झोपून उलट्या बाजूने पाहताना सोडण्याची दिशा कुठली आणि आवळण्याची कुठली यावर बाहेर मतदान घ्यावे लागते, ते वेगळेच.)

दुसरा उपाय तेलाचा. पूर्वी घरोघरी रेशनचे रॉकेल असायचे आणि ते सगळ्यावर चालायचे: चूल, ढेकूण, जाम नट. गॅस आला, रॉकेल गेले, आता डिझेलवर भागवतात किंवा निळ्या-पिवळ्या डब्यातला फवारा आणतात. त्या डब्ल्यूडी-४० ची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगोच्या एका छोट्या कंपनीने ते बनवायला घेतले. एकोणचाळीस मिश्रणे फसली, चाळिसावे जमले म्हणून नावात चाळीस. उद्देश होता पाणी हटवण्याचा, आणि पहिला मोठा उपयोग झाला तो ॲटलस क्षेपणास्त्राच्या बाहेरच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून. गंज लागू नये म्हणून जे काढले ते गंज लागून चुकल्यावर मारायचे, ही आपली रीत. तरीही तेल उपयोगी पडते, फक्त त्याला वेळ लागतो. संध्याकाळी मारावे, सकाळी पुन्हा मारावे, मधे बोल्टाला टकटक करावी, म्हणजे गंजातल्या बारीक भेगांतून ते आत उतरते. मालक मात्र फवारा मारून झाकण लावायच्या आधी पाना लावतो. त्याला सोमवारी सिल्लोडला लग्नाला जायचे असते. तेल आपल्या गतीने आत जाते, लग्नाचा मुहूर्त आपल्या गतीने जवळ येतो.

मग उरतात दोन उपाय, आणि माझा मुद्दा याच दोघांवर उभा आहे: ठोका आणि आग. सलग जोरापेक्षा एक कडक ठोका गंजाची पकड जास्त चांगली तोडतो. गॅरेजमधली इम्पॅक्ट गन बोल्टाला रेटत नाही, सेकंदाला अनेक बारीक दणके देते, ती यामुळेच. आगीचेही शास्त्र साधे आहे. बारा मिलिमीटरच्या पोलादाचे तापमान ३०० अंशांनी वाढवले तर ते सुमारे ०.०४ मिलिमीटर फुगते. आकडा हास्यास्पद दिसतो, पण सगळे भांडण केसाच्या जाडीचे आहे हे आपण पाहिलेच. नट तापवला, बोल्ट त्यामानाने थंड राहिला, की नट किंचित मोठा होतो आणि गंजाचा थर तडकतो. हे दोन्ही उपाय सगळ्यांना ठाऊक असतात. मालकालाही असतात. पण मालक हातोडा उचलतो तो आवेशाने आणि खाली आणतो तो दयेने. त्याला सांगाड्याला पोच येईल असे वाटते, रंग उडेल असे वाटते, अजून बावीस हप्ते बाकी आहेत हे आठवते. आणि गॅसची ज्योत? तिथे शेजारीच ब्रेकचा पाइप, रबरी बूट, वर कुठेतरी पेट्रोल. तो घाबरतो हे योग्यच आहे. तेच काम गॅरेजमधला एकोणीस वर्षांचा पोरगा तोंडात पानपराग धरून करतो. ओले पोते ब्रेकच्या पाइपाला गुंडाळतो, दहा-बारा सेकंद ज्योत धरतो, दोन दणके घालतो, आणि बोल्ट बाहेर. त्याचे दंड मालकाहून जाड नसतात. त्याला त्या बोल्टाविषयी काहीही वाटत नाही, एवढेच त्याचे भांडवल.

याला पुरावा हवा असेल तर त्याच गॅरेजसमोर उभी असलेली मिस्तरींची स्वतःची मोटारसायकल पाहावी. ब्रेकची केबल सुतळीने बांधलेली, साइड स्टँडला तार, सायलेन्सरचा एक बोल्ट जाम म्हणून दोन वर्षे तसाच. हत्यारे तीच, हात तेच, ज्ञान तेच. फक्त गाडी त्यांची आहे. दिवसभर लोकांचे बोल्ट बेदरकारपणे तोडणारा माणूस स्वतःच्या सायलेन्सरपुढे 'बघू पुढच्या आठवड्यात' म्हणतो.

यावर सुजाण वाचक म्हणेल की अलिप्तपणाच्या नावाखाली तुम्ही निष्काळजीपणाची वकिली करता आहात. दुसऱ्याची गाडी म्हणून वाट्टेल तसे ठोकणाऱ्यांनी किती आटे खाल्ले, किती आर्म वाकवले त्याचा हिशेब कोण देणार? हरकत खरी आहे, पण ती दोन वेगळ्या माणसांना एकत्र करते. शल्यचिकित्सक शक्यतो घरच्या माणसावर शस्त्रक्रिया करत नाही. तो निष्काळजी असतो म्हणून नव्हे, चाकू किती खोल घालायचा हे ठरवताना नाते आड येऊ नये म्हणून. अलिप्त माणूस बोल्टाचा मोह सोडतो, आर्मचा नाही. काय वाचवायचे आणि काय बळी द्यायचे हे त्याने आधी ठरवलेले असते. निष्काळजी माणसाने काहीच ठरवलेले नसते, आणि मालकाने सगळेच वाचवायचे ठरवलेले असते, म्हणून शेवटी दोघांच्या हाती सारखीच वस्तू येते.

याहून अवघड हरकत शेतकऱ्याची. भोकरदन तालुक्यात हजार शेतकरी आपला ट्रॅक्टर बांधावर खोलतात, रोटाव्हेटरची पाती स्वतः बदलतात. गाडी त्यांचीच, कर्जही त्यांचेच, मग त्यांना मोह कसा आड येत नाही? या हरकतीने माझे म्हणणे मोडत नाही, उलट जास्त नेमके होते. पात्याचे बोल्ट दर हंगामाला निघतात, त्यामुळे त्यांना जाम व्हायला सवडच मिळत नाही. आणि एखादा अडलाच, तर आभाळ भरून आलेले असते, वापसा निघून चाललेला असतो, रान तयार नसते. त्या घटकेला पंचवीस रुपयांच्या बोल्टाची माया कोणाला? शेतकरी छिन्नी लावतो, एका दणक्यात डोके उडवतो आणि पुढे जातो. मृगाचा पाऊस त्याला तो अलिप्तपणा फुकट देतो. मोटारीच्या मालकाकडे फक्त रविवार असतो, आणि रविवारी माणूस फार हळवा असतो.

'मग सरळ कापून काढावा की,' असे कोणी म्हणेल, आणि म्हणावेच. आर्मच्या दोन्ही बाजूंनी ग्राइंडरची पातळ चकती घातली की बोल्टाचे तीन तुकडे होतात आणि प्रश्न मिटतो. बुश नाहीतरी बदलायचाच आहे. तरी मालक कापत नाही. 'कंपनीचा बोल्ट आहे' असे म्हणतो. ज्या बोल्टाने त्याला दुपारभर रडवले त्याच्याविषयी त्याच्या मनात एवढ्यात आदर उत्पन्न झालेला असतो. त्यात एक व्यावहारिक भीतीही असते, आणि ती खोटी नाही: नेमक्या लांबीचा, नेमक्या ग्रेडचा बोल्ट गावात मिळेलच असे नाही, तो जालन्याहून किंवा छत्रपती संभाजीनगरहून मागवावा लागतो, आणि तोवर गाडी दारात तीन चाकांवर. म्हणूनच पाना हातात घेण्याच्या आधी नवा बोल्ट आणून खिशात ठेवावा. किंमत चार माणसांच्या चहा-भज्यांची. तो खिशात असला की जुन्याविषयीची माया अर्ध्या तासात ओसरते. बाजारात मिळणाऱ्या हत्यारांत इतके परिणामकारक दुसरे नाही, आणि ते लावायला ताकद लागत नाही. (स्टँडचेही तसेच. नुसत्या जॅकवर किंवा रचलेल्या विटांवर तोललेल्या गाडीखाली जाऊ नये, याला विनोदाची बाजू नाही.)

बोल्ट निघाला, कापून का होईना, की मालकाच्या चेहऱ्यावर विजय येतो, आणि विजयात तो 'उलट क्रमाने' जोडणी करू लागतो. घाईत घोटाळा होतो तो इथे. नव्या बोल्टाच्या गुळगुळीत भागाला, जो नळीच्या आत राहणार आहे, ग्रीसचा हात फिरवायचा असतो. पुढच्या वेळचे भांडण तिथेच मिटते. ते राहून जाते, किंवा उत्साहाच्या भरात ग्रीस आट्यांना लागते आणि मग तेवढाच पीळ देऊनही बोल्ट जरुरीपेक्षा जास्त ताणला जातो. आणि सर्वांत मोठी गोष्ट: बुशचा बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी चाकांवर उतरवून, वजन आल्यावर. जॅकवर चाक लोंबत असताना आवळला तर रबर त्या लोंबत्या स्थितीत पकडले जाते, आणि गाडी खाली उतरताच ते जन्मभराच्या पिळात अडकते. पण गाडी उतरवल्यावर खाली शिरायला जागा राहत नाही, बाहेरचे चौघे पांगलेले असतात, आणि आतून जेवायची हाक तिसऱ्यांदा आलेली असते. मालक वरच्या वरच आवळतो, आणि तेही असे आवळतो की आता तो सुटताच कामा नये.

नवा बुश वर्षाच्या आत फाटतो. गाडी गॅरेजात जाते. मिस्तरी खाली वाकून टॉर्च मारतात, कापलेल्या बोल्टाच्या चरा बघतात, पिळलेले रबर बघतात आणि उठून कपड्याला हात पुसत विचारतात, "सर, हे आधी कोणी खोललं होतं?"

"काय माहीत," मालक म्हणतात, "गाडी सेकंडहँड घेतलेली आहे."